डाव्या गालाचा अहवाल

हिंजवडी, ६ जानेवारी २०२५

प्रिय पद्माआत्या,

फोन न करता लिहितेय, कारण फोनवर तू भाषण सुरू करतेस आणि माझी कंपनीची बस चुकते. पूर्ण वाच, मग चीड.

आमच्या ‘नीलतीर’चं नवं क्रीम येतंय. नाव ‘अजरा’. चेहऱ्यावरचं वय कमी करणारं. आणि त्यातला मुख्य घटक म्हणजे तुझं लाडकं सरगॅसम! ज्या समुद्रशैवालासाठी तू तीस वर्षं ओहोटीच्या वेळा पाठ केल्यास, कॉलेजच्या पोरांना कोकणात नेऊन गुडघाभर पाण्यात उभं केलंस, ते आता काचेच्या बरणीत बसून मॉलमध्ये जाणार. मला वाटलं, तुला आनंद होईल. होईल ना?

२२ मार्चला लाँच आहे. तिथे तू दहा मिनिटं शैवालावर बोलावंस अशी माझी, म्हणजे कंपनीची, विनंती आहे. वनस्पतिशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापक आणि पुण्यातल्या खणखणीत वक्त्या एकाच बाईत मिळतात म्हटल्यावर आमचे ऋषी सर खूश झालेत.

आणि ही नुसती जाहिरात नाही. रीतसर चाचणी चालू आहे. वेगवेगळ्या थरांतल्या चाळीस स्त्रिया, बारा आठवडे. प्रत्येकीला दोन ट्यूब. एकीत शैवालाचा अर्क असलेलं क्रीम, ते डाव्या गालाला. दुसरीत तेच क्रीम, पण अर्काशिवाय, ते उजव्या गालाला. कशात काय आहे ते त्यांना माहीत नाही. दर महिन्याला यंत्राने दोन्ही गालांच्या सुरकुत्या मोजायच्या. चेहरा तोच, ऊन तेच, झोप तीच; फरक फक्त अर्काचा. हे सगळं मी सांभाळतेय. बाबा गेल्यावर मला शिकवलंस तू, तेव्हा पद्धतही तुझीच म्हण.

सोबत एक बरणी पाठवतेय. लावून बघ. रागाने फेकू नकोस, महाग आहे.

तुझी,
राजनंदिनी

•

कोथरूड, १० जानेवारी

चि. नंदिनी,

आशीर्वाद. निम्मेच पाठवतेय, उरलेले हे पत्र वाचून तू कशी वागतेस त्यावर.

बरणी मिळाली. आधी खोका वाचला. ‘सागराच्या गर्भातून चिरतारुण्य.’ ही ओळ लिहिणाऱ्याला एकदा वादळानंतर रत्नागिरीच्या किनाऱ्यावर उभं करायला हवं. वाहून आलेलं सरगॅसम तीन दिवस उन्हात सडलं, की सागराच्या गर्भातून नक्की काय येतं ते नाकाला कळतं. त्या वासाने मला कधी मळमळलं नाही. तुमच्या खोक्याने मळमळलं.

मग भिंग घेऊन घटकांची यादी वाचली; जे जास्त ते आधी, अशी ती लिहितात. पाणी पहिलं. मग ग्लिसरीन, मग मेण, मग सिलिकॉन. सुगंध सोळावा. सरगॅसमचा अर्क अठरावा. म्हणजे बरणीत अत्तरापेक्षा शैवाल जास्त आहे अशी खात्री तुम्हालाही देता येणार नाही. खोक्यावर मात्र तेच शैवाल पसाभर रंगवलंय, तेही हिरवंगार. सरगॅसम तपकिरी असतं, बाळ. चित्रकाराने बहुधा मंडईतली पालकाची जुडी समोर ठेवली असावी.

शैवालात काही नाही असं मी म्हणत नाही. भरती-ओहोटीच्या मधल्या पट्ट्यात जे जीव रोज तासन् तास उघड्यावर भाजतात, ते स्वतःला वाचवायला काहीतरी तयार करतातच. प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत, पेशींवर, त्याचे गुण दिसलेही आहेत. पण बशी म्हणजे गाल नव्हे, आणि यादीतला अठरावा म्हणजे औषध नव्हे.

खरी किळस मला दुसऱ्याच गोष्टीची येते. बाईच्या कपाळावर आठी काय आकाशातून पडते? पोराचा ताप बघताना पडते, नवऱ्याची वाट बघताना पडते, परीक्षेचे पेपर तपासताना पडते. पन्नास वर्षं जगल्याचा तो पुरावा. तुम्ही त्या पुराव्याला ‘दोष’ म्हणता आणि त्याची ‘दुरुस्ती’ विकता. चाळिशीच्या बाईला आरशासमोर उभं करायचं, तिला तिच्याच तोंडाची लाज वाटायला लावायची, आणि मग त्या लाजेला झाकण लावून तिलाच विकायची! हा धंदा ओंगळ आहे. तो करणाऱ्यांत माझी भाची आहे म्हणून तो कमी ओंगळ होत नाही.

तरी, चाचणीची पद्धत चांगली आहे, हे मान्य. म्हणून शब्द देते. अहवाल दाखव. आकडे खरे निघाले तर माझी किळस घरी ठेवून येईन आणि व्यासपीठावरून सांगेन की मी चुकले. खोटे निघाले तरी येईन. तेव्हा काय बोलेन याची कल्पना तुझ्या साहेबांना आत्ताच देऊन ठेव.

पद्माआत्या

•

हिंजवडी, ३ मार्च

प्रिय आत्या,

जानेवारीतलं तुझं पत्र मी ऋषी सरांना दाखवलं नाही. दाखवायला धीर पाहिजे.

चाचणी संपली. अहवाल सोबत जोडलाय. डाव्या गालावरच्या सुरकुत्या सरासरी एकतीस टक्क्यांनी कमी झाल्या, उजव्यावरच्या चार टक्क्यांनी. चाळीसपैकी एकीचीही तक्रार नाही. शेवटी छायाचित्रं आहेत. ओळख कळू नये म्हणून डोळ्यांवर काळी पट्टी लावलीय. आणि खाली सही माझी आहे. चाचणीप्रमुख, राजनंदिनी.

आत्या, दहा वर्षं मी दुसऱ्यांच्या नावावर अहवाल लिहिले. माझं नाव असलेला हा पहिला. लाँच नीट पार पडलं तर चाचण्यांचा अख्खा विभाग माझ्याकडे येणार आहे. तू शब्द दिलायस. बावीस तारखेला सकाळी दहाला गाडी पाठवते.

राजनंदिनी

ता. क. नऊ फेब्रुवारीला आले होते तेव्हा तुझा चेहरा छान दिसत होता. सहज सांगितलं.

•

कोथरूड, ६ मार्च

नंदिनी,

छायाचित्र क्रमांक सतरा.

डोळ्यांवर पट्टी आहे, कानावर नाही. उजव्या कानाची पाळी फाटून पुन्हा शिवलेली. ती पाळी मी अकरा वर्षं रोज सकाळी सात वाजता माझ्या ओट्यापाशी बघते. ती चंद्रभागा आहे. माझ्याकडे स्वयंपाक करणारी चंद्रभागा, जिला तू माझ्याच घरी भेटलीस आणि मला न सांगता तुझ्या चाळिसांत घेतलीस. ‘वेगवेगळ्या थरांतल्या स्त्रिया’ म्हणे! तिच्याकडून कळलं, चाळीसच्या चाळीस आमच्या भागातल्या पोळ्या लाटणाऱ्या आणि भांडी घासणाऱ्या. बरणी विकत घेणाऱ्या बाईच्या गालावर ती आधी तपासायची हिंमत तुमच्यात नाही.

जानेवारीपासून चंद्रभागेच्या दोन्ही गालांवर लालसर-काळे चट्टे आहेत. मी विचारलं होतं. म्हणाली, फोडणीचं तेल उडालं. मी मानलं. आयुष्यभर पोरांना निरीक्षण शिकवलं, आणि तेल दोन्ही गालांवर सारखंच कसं उडेल हे माझ्या डोक्यात आलं नाही!

काल तुझा अहवाल तिच्यापुढे ठेवला. ती बोलली ते तसंच उतरवतेय:

‘बाई, रागवू नगा. नंदाताईंनी दोन नळ्या दिल्या. म्हनल्या, ही डाव्या गालाला, ही उजव्याला. आता एका गालाला येक आन् दुसऱ्याला दुसरंच, हे काय बरं दिसतं व्हय? दोन्ही गाल माजेच हायेत. दोन पोरं जेवाया बसली तर एकाला तूप वाढून दुसऱ्याला कोरडं ठिवती का मी? म्हून दोन्ही नळ्या वाटीत पिळल्या, चमच्यानं घोटल्या आन् सारकं लावलं. पैल्या दिसापासनं. आमच्या गल्लीतल्या मुक्ताईनं बी तसंच केलं. मीच सांगितलं तिला.’

तिने विज्ञान बिघडवलं असेल, पण अन्याय केला नाही. आता तू सांग. जिच्या दोन्ही गालांना एकच मिश्रण लागत होतं, तिचा डावा गाल चौतीस टक्क्यांनी तरुण झाला आणि उजवा फक्त तीन टक्क्यांनी, हे तुमच्या यंत्राला कुणी सांगितलं? आणि चट्टे उठलेल्या बाईच्या नावापुढे ‘तक्रार नाही’ हे कुणी लिहिलं?

सडलेल्या शेवाळात मी हात घातले आहेत. या अहवालाची पानं उलटून मात्र साबणाने हात धुतले.

आत्या

•

हिंजवडी, ८ मार्च

आत्या,

आज महिला दिन. ऑफिसात प्रत्येकीला एक गुलाब आणि ‘अजरा’ची छोटी ट्यूब मिळाली. तुझं पत्र त्या गुलाबाशेजारीच उघडलं.

चंद्रभागाबाईंनी सूचना पाळल्या नाहीत यात माझा काय दोष? चाळिसांतल्या एकीने, फार तर दोघींनी गोंधळ घातला. त्याने सरासरी फारशी हलत नाही, हे तुला कळतं. आणि चट्टे म्हणशील तर ती बाई दिवसभर सहा घरांत गॅससमोर उभी असते. धूर, तिखट, ऊन, काहीही असेल.

तुला कायम सगळ्यांत घाण दिसते. तुझ्या भाषणांत कष्टकरी स्त्री असते, सभागृह टाळ्या वाजवतं. अकरा वर्षांत चंद्रभागाबाईंना कधी विचारलंस, ती पाळी कशी फाटली? मी पहिल्याच दिवशी विचारलं. त्यांना खुर्चीवर बसवून त्यांच्या तोंडाकडे नीट बघणारी मीच पहिली. तू फक्त पोळ्या बघितल्यास.

आणि किळस, किळस काय लावलंयस? नऊ फेब्रुवारीला तुझ्या न्हाणीघरातल्या फळीवर ती बरणी बघितली मी. निम्मी झाली होती. मळमळतं ना तुला आमच्या खोक्याने? मग निम्मं क्रीम खाल्लं कुणी, पालीने?

राजनंदिनी

•

कोथरूड, ११ मार्च

नंदिनी,

पालीने नाही. मी लावलं.

तुला ते तिखट पत्र टाकल्यावर चौथ्या दिवशी सुरुवात केली. सदुसष्टाव्या वर्षी, तीस वर्षं किनाऱ्यावर रापलेल्या या तोंडावर, रोज दुपारी दार लावून चोपडत होते. मग खिडकीशी जाऊन हातआरशात डोळ्यांखाली बघायचं. यादीत अठरावा कोण आहे ते ठाऊक असून! लाज विकतात म्हणून तुला झोडलं आणि चार दिवसांत स्वतः गिऱ्हाईक झाले. त्या दुपारी आठवल्या की शिसारी येते. सुरकुत्या होत्या तिथेच आहेत, त्यांचं काही नाही. आरशाकडे मी ज्या लाचार नजरेने बघत होते, तिची येते. बरणी फेकली, तीही पाच तारखेला, चंद्रभागेच्या चट्ट्यांचं खरं कारण कळल्यावर. तोपर्यंत फेकली नव्हती, हेही लिहून टाकते.

पाळीचंही तुझं खरं. विचारलं नव्हतं. काल विचारलं. धाकट्या लेकाने तान्हेपणी कानातला झुबा ओढला होता.

माझ्या तोंडाला काळं फासून झालं असेल तर आता इकडे बघ. मी ढोंगी ठरले म्हणून तुझे आकडे खरे ठरत नाहीत. सतराव्या क्रमांकापुढे जे चौतीस आणि तीन लिहिलेत ते कुठून आले, याचं उत्तर तुझ्या चार परिच्छेदांत कुठेच नाही. तू मला उत्तर देत नाहीस, नुसती चावतेस. लहानपणी काही लपवायचं असलं की असंच करायचीस.

बावीसला मी येतेय. भाषण तयार आहे, त्यात तुझं नाव आहे. ते कुठल्या वाक्यात येईल ते तुझ्यावर. त्याआधी एक कर. चाळिसांतल्या काही जणींच्या घरी जा. यादी हातात घेऊन नको, रिकाम्या हाताने जा आणि विचार, त्या दोन ट्यूबचं काय केलंत. मी गेले असते. पण अहवालावर सही माझी नाही.

आत्या

•

हिंजवडी, १८ मार्च

आत्या,

सात घरी गेले.

मुक्ताईने चंद्रभागाबाईंसारखंच वाटीत घोटून लावलं. आनंदीबाईंनी एक ट्यूब लेकीला दिली, दुसरी सासूच्या भेगाळलेल्या टाचांना लावली. ‘टाचा मऊ झाल्या हो’ म्हणाल्या. तेवढीच खरी प्रशंसा. तुळजाबाईंनी उघडलंच नाही. भाचीच्या लग्नात आहेराला होईल म्हणून खोका तसाच कपाटात ठेवलाय. दोघींनी आरशात बघून डावं-उजवं उलटं केलं. उरलेल्या दोघींनी चार दिवसांत बंद केलं. एकीला वास सोसेना, दुसरीच्या गालांची आग झाली. तिच्या नावापुढेही ‘तक्रार नाही’ आहे. सांगितल्याप्रमाणे लावणारी एकही सापडली नाही. सगळ्यांनी मला पाणी दिलं, बसवलं. एकीलाही वाटलं नाही की आपलं काही चुकलं. खरंच, काय चुकलं त्यांचं? का करायचं ते आम्ही त्यांना समजावून सांगितलंच नव्हतं.

आता चौतीस आणि तीनचं उत्तर.

शेवटचं मोजमाप झालंच नाही. फेब्रुवारीत यंत्र बिघडून दुरुस्तीला गेलं होतं. ऋषी सर म्हणाले, ‘ट्रेंड दिसतोय ना? मग पुढे ओढ की.’ दिसत काहीच नव्हतं. मी ओढला. चाळीस बायका, दोन-दोन गाल, ऐंशी आकडे, एका दुपारी. सगळे सारखे वाटू नयेत म्हणून कुठे एकतीस, कुठे चौतीस, कुठे अठ्ठावीस. मध्ये कँटीनला जाऊन जेवून आले. मिसळ होती.

आणि चट्टे. पाचव्या आठवड्यात चंद्रभागाबाईंचा मला फोन आला होता. ‘नंदाताई, लई आग व्हतिया.’ मी म्हटलं, सुरुवातीला होतं तसं, लावत राहा. आणि म्हटलं, आत्याला सांगू नका. विचारलंच तर फोडणीचं तेल उडालं म्हणा. ते वाक्य त्यांचं नव्हतं, आत्या. मी दिलं होतं.

आज सकाळी सही मागे घेतल्याचं पत्र दिलं. हे सगळं त्यात लिहिलं, प्रत माझ्याकडे ठेवली. ऋषी सरांनी वाचलं आणि हसले. ‘हरकत नाही, राजनंदिनी. सहीच पाहिजे ना, दुसऱ्या कुणाची घेऊ.’ पाच वाजेपर्यंत माझं कार्ड गेटवर चालेनासं झालं. सिक्युरिटीवाल्याने मला अहो-जाहो करत बाहेर सोडलं. बावीसचं लाँच ठरल्याप्रमाणे आहे.

माझीच मला इतकी घाण वाटतेय की आंघोळ करूनही जात नाही. तू बावीसला ये किंवा येऊ नकोस. पण भाषणात मला वाचवू नकोस. मी काय करू ते सांग.

नंदिनी

•

कोथरूड, २० मार्च

नंदिनी,

पोस्टाला वेळ नाही, म्हणून या पानाचा फोटो पाठवतेय.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुझी किळस आली. फोडणीच्या तेलाच्या ओळीशी पोचले तेव्हा कागद हातात धरवेना. दुसऱ्यांदा वाचतानाही आली. ती लवकर जाईल असं खोटं लिहीत नाही. पण मिसळीचं तुला कुणी विचारलं नव्हतं. ते तू आपण होऊन लिहिलंस, म्हणून हे उत्तर.

काय करू, हे मला विचारायचं नव्हतं. गाल माझे नाहीत. म्हणून आज सकाळी तुझं पत्र चंद्रभागेला वाचून दाखवलं. एकही शब्द गाळला नाही. ती कणीक मळत होती. परात झाकून ठेवली. मग म्हणाली:

‘तेल उडालं म्हना म्हनल्या, आन् मी म्हनले की. तेचंच जास्ती लागलंय मला. नंदाताईंना म्हनावं, माज्याकडं बघाया लाजू नगा, आन् माफी बिफी बी आत्ताच मागू नगा. पर एक सांगा बाई, त्या बाकीच्या बायांना कुनी कळवलं का, लावू नगा म्हून? नळ्या उरल्या असतील की घरोघरी. येखादी अजून लावत असंल, आन् आग झाली तरी म्हनत असंल, सुरवातीला व्हतं तसं.’

नंदिनी, माझं भाषण चाळीस मिनिटांचं झालं होतं. त्यात इतिहास होता, बाजार होता, बाईच्या चेहऱ्यावर चाललेली लूट होती. हा एक प्रश्न त्यात नव्हता. तुझ्या पत्रातही नव्हता. आपण दोघी आपापल्या तोंडाकडे बघत बसलो.

बावीसला मी जाणार नाही. टाळ्या मिळतील, आणि बरण्या तरीही दुकानात जातील. तुझ्या पत्राची प्रत आणि बायकांचे जबाब घेऊन सोमवारी अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करायची. पहिला अंगठा चंद्रभागेचा; तिने ठरवलंय. ज्यांच्या गालांची आग झाली त्यांना आधी त्वचेच्या डॉक्टरकडे न्यायचं. कंपनीने तुझं कार्ड बंद केलं, पण चाळिसांचे नंबर तुझ्या फोनमध्ये आहेत. सात घरं झाली, चंद्रभागेचं एक. उरली बत्तीस.

उद्या सकाळी नऊला ये. चंद्रभागेने तिच्या सहाही घरी सुट्टी सांगितलीय. रस्ता ती दाखवेल, दार ती वाजवेल. दार उघडल्यावर पहिलं वाक्य तू बोलायचंस. ते काय असावं हे मला सुचवता येईल, सवय आहे. म्हणूनच ते आधी मला दाखवू नकोस.

आत्या